केडगावचे गोत

मुक्ती मिशनचा इतिहास लिहायला घेतला की सुरुवात कुठल्या वर्षापासून धरायची, हा प्रश्न आधी आडवा येतो. शारदा सदन मुंबईत सुरू झाले ते ११ मार्च १८८९ रोजी. केडगावच्या माळावर तंबू पडले ते १८९७ मध्ये आणि ‘मुक्ती’ हे नाव रूढ झाले त्याच्या पुढच्या वर्षी. वर्धापनदिनापुरती यातली कोणतीही तारीख चालेल. पण ज्यांचे कोणी नव्हते अशा हजारो बायका-मुलींना इथे गणगोत कसे मिळाले, हे समजून घ्यायचे तर आणखी मागे, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जायला हवे. कारण या घराची मालकीण, पंडिता रमाबाई, स्वतः घराशिवाय वाढली होती.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले. शास्त्री-पंडितांना ते रुचले नाही, तेव्हा त्यांनी गंगामूळला जंगलात आश्रम थाटला. २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म तिथलाच. आल्यागेल्याचे आदरातिथ्य करता करता शास्त्रीबुवा कर्जात बुडाले आणि सगळे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. सहा महिन्यांची रमा वेताच्या पेटाऱ्यातून, गड्याच्या डोक्यावरून घराबाहेर पडली ती कायमचीच. पुढची बरीच वर्षे देवळांच्या ओवऱ्या आणि नदीचे घाट हाच मुक्काम, पुराण सांगून मिळेल तो शिधा हीच मिळकत. भागवताचे अठरा हजार श्लोक तिला तोंडपाठ झाले ते अशा चालत्या घरात, आईच्या तोंडून.

१८७० च्या दशकातल्या दुष्काळात आधी वडील, मग आई आणि थोरली बहीण गेली. आईच्या वेळी खांदा द्यायला माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. तिची उंची कमी पडत होती, म्हणून तिरडीचा तिच्या बाजूचा भार तिने डोक्यावर घेतला. केडगावच्या इतिहासात ही आठवण बाजूला ठेवता येत नाही. बावीसएक वर्षांनी रमाबाई मध्य प्रांतातल्या दुष्काळी छावण्यांत गेल्या, तेव्हा त्या पाहुण्या म्हणून गेल्या नव्हत्या. ते सगळे त्यांनी अंगावर काढलेले होते.

मधला काळ महाराष्ट्राला ठाऊक आहे. कलकत्त्याला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली, परजातीच्या वकिलाशी विवाह झाला. मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये वैधव्य आले. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाची आणि वैद्यकीची बाजू मांडली आणि १८८३ मध्ये लेकीला घेऊन विलायत गाठली. पंडितांच्या सभेत मान मिळत होता, प्रार्थनासमाजी मंडळींत जिव्हाळा मिळत होता. पण परजातीत लग्न केलेली, विधवा झालेली, भाऊ-बाप नसलेली ही बाई नक्की कोणाची, याचे उत्तर कोणाजवळच नव्हते.

वाँटेज इथल्या सेंट मेरीच्या भगिनींनी तिला ठेवून घेतले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिथेच मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. इथवरची गोष्ट आपल्या उपासनांतून अनेकदा सांगितली जाते. पुढची फारशी सांगितली जात नाही, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाई मंडळीत आयत्या सामावल्या नाहीत. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. त्रैक्याचा सिद्धांत, बिशपांचा अधिकार, मनोरमेला कोणी आणि कसे वाढवायचे, कशाकशावर म्हणून वाद नाही! शाकाहार त्यांनी सोडला नाही, अंड्याचे पुडिंगही चालवून घेतले नाही. जेराल्डिनबाईंना त्यात जातीचा ताठा दिसला. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, माझ्या भाषेतली का नकोत, असाही सवाल रमाबाईंनी टाकला. भगिनींचे प्रेम खरे होते, यात शंका नाही. पण त्या प्रेमाला शिष्या हवी होती आणि समोर होती पंडिता. आपले म्हणवून घ्यायचे तर आपल्या साच्यात बसा, अशी अट जगातली बहुतेक घरे घालतात. ती अट रमाबाईंनी मानली नाही, आणि पुढे स्वतःचे घर मांडले तेव्हा आपण ती किती पाळली आणि किती मोडली, हे या इतिहासात तपासायलाच हवे.

वाँटेजने एक गोष्ट मात्र कायमची दिली. भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेले. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी तिथे आश्रयगृह होते. अशा बायकांना कोणी मायेने वागवते, त्यांच्या आजारपणात उशाशी बसते, हे त्यांनी तिथे पहिल्यांदा पाहिले. केडगावच्या कृपा सदनाचे बीज तिथले आहे.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि दोनेक वर्षे तिथे व्याख्याने देत हिंडल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ चे. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिने रमाबाईंच्या नियोजित शाळेचा दहा वर्षांचा खर्च पेलण्याची हमी घेतली. शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, हे त्या हमीबरोबरच ठरले होते.

मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले तेव्हा पहिल्या मुलींत एक बालविधवा होती, गोदूबाई जोशी. भाऊ नरहरपंतांनी तिला आणून सोडले. १८९० मध्ये सदन पुण्याला हलले, तीही आली. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे सदनाच्या चौथ्या वाढदिवशी, धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. लग्नानंतर आनंदीबाई झालेल्या या गोदूबाई, म्हणजेच बाया कर्वे, शेवटपर्यंत हिंदूच राहिल्या आणि ‘माझे पुराण’ लिहिताना शारदा सदनाची आठवण त्यांनी आपुलकीने सांगितली. या घराला आपले म्हणणाऱ्यांत अशीही माणसे होती, हे आपल्या स्मरणिकांतून सहसा निसटते.

सदनात मुलींचे सोवळे-ओवळे, उपासतापास, पूजा यांना मोकळीक होती. स्वयंपाकाला ब्राह्मण बायका होत्या. रमाबाई स्वतः पहाटे खोलीत शास्त्र वाचत आणि प्रार्थना करत. दार उघडे असे. मुली येऊन बसू लागल्या. त्यांना बोलावले कोणी नव्हते, आणि उठून जा असेही कोणी म्हणाले नाही. पुण्यात गवगवा झाला. ‘केसरी’ने झोड उठवली. सल्लागार मंडळातले रानडे आणि भांडारकर यांनी ऑगस्ट १८९३ मध्ये राजीनामे दिले आणि पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या.

दोन्ही बाजूंना आपापल्या जागी धार होती. स्वतःची श्रद्धा लपवून मुलींना वाढवणे रमाबाईंना खोटेपणाचे वाटत होते. रानडे-भांडारकर काही शत्रू नव्हते. समाजापुढे त्यांनी स्वतःच्या नावाचा जामीन टाकला होता आणि तटस्थतेचा शब्द पातळ होताना त्यांना दिसत होता. आईसारखी वाटणारी बाई ज्या देवाचे नाव घेते, तो देव दहा-बारा वर्षांच्या पोरक्या मुलीला परका कसा वाटेल? उघडे दार हीसुद्धा एक ओढच असते. रमाबाईंनी ते दार लावले नाही. त्याची किंमत त्यांनी मोजली, आणि ज्या मुलींना परत अंधाऱ्या माजघरात जावे लागले त्यांनीही मोजली.

बोस्टनची दहा वर्षे संपतील तेव्हा खायचे काय, या विवंचनेतून केडगावची जमीन आली. पुण्याहून दौंडकडे जाताना यवत, खुटबाव यांच्या पुढचे स्टेशन. (नगरजवळचे केडगाव वेगळे. आणि नारायण महाराजांचे दत्ताचे बेट ज्या केडगावात आहे, ते मात्र हेच.) आज इथे उसाचे मळे आणि गुळाची बाजारपेठ आहे, तेव्हा होता तो उजाड माळ. शंभरेक एकर घेऊन विहिरी खोदायच्या, फळझाडे लावायची आणि त्या उत्पन्नावर सदन चालवायचे, असा हिशोब होता. झाडांना फळ धरायच्या आत दुष्काळ आला.

१८९६ च्या अखेरीला रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. छावण्यांतून एकट्यादुकट्या मुली गैरमार्गाला लावण्यासाठी पळवल्या जात होत्या. तीनशेच्या आसपास मुली त्यांनी पुण्याला आणल्या. पुण्यात प्लेग पेटलेला. एवढा जमाव शहरात ठेवायला सरकारची मनाई झाली आणि सगळा तांडा केडगावला आला. घर नव्हते, तंबू होते, गवताच्या झोपड्या होत्या.

शारदा सदनात शिकलेल्या विधवा पुढे आल्या नसत्या, तर हे सगळे तिथेच कोलमडले असते. त्या बहुतेक ब्राह्मणघरच्या, विटाळाच्या धाकात वाढलेल्या. समोर होत्या कुठल्या कुठल्या जातींच्या, केसांत जटा आणि अंगावर खरूज असलेल्या, हाडांवर कातडे उरलेल्या पोरी. उपाशी पोटाला एकदम पोटभर घालता येत नाही. पेज, मग मऊ भात, मग भाकरीचा तुकडा, असे चढत जावे लागते. या बायकांनी पोरी वाटून घेतल्या. जिच्या वाट्याला ज्या आल्या त्यांना न्हाऊमाखू घालायचे, उवा काढायच्या, रात्री त्यांच्यातच झोपायचे. चार वर्षांपूर्वी ज्यांना कोणी ओवाळणीलासुद्धा बोलावत नव्हते, त्या एकेका घोळक्याच्या कर्त्या झाल्या. आपलेपण देणारी आणि घेणारी अशा दोन रांगा केडगावात नव्हत्या. काल घेतलेले आज पुढे द्यायचे, हाच इथला रिवाज पडला, आणि संस्था टिकली ती अमेरिकेच्या डॉलरइतकीच या रिवाजावर.

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला आणि तिकडच्या मुलींची रीघ लागली. मुक्तीतली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषा एका आवारात. एकमेकींचे बोलणे कळत नव्हते, पण जाते, विहीर आणि चूल यांना भाषा लागत नाही. हातमागावर लुगडी विणली जात, घाण्यावर तेल निघे. गोठा, शेत, धुणे, शिवण, बांधणी, सगळे बायकांच्या हाती. त्यातले कल्हईचे काम मला विशेष वाटते. दोन हजार माणसांची तांब्या-पितळेची भांडी, आणि कल्हईवाला म्हणजे भात्यासह दारोदार फिरणारा गडी, हा सगळीकडचा शिरस्ता. इथे पातेले निखाऱ्यावर लालसर तापवायचे, नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर डोळ्यांत जायच्या आत कथलाची कांडी आतून फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने झर्रकन पुसून घ्यायचे, हे मुलीच करत. हाताला जरा उशीर झाला की डाग राहतो. ज्या पोरीला गावात दारात उभे करत नव्हते, तिने चकाकवलेल्या पातेल्यात सगळ्यांचे वरण शिजे.

पुढे एकेक सदन उभे राहिले. कृपा सदन समाजाने नाव टाकलेल्या स्त्रियांसाठी, प्रीती सदन म्हाताऱ्या व अपंगांसाठी, सदानंद सदन मुलग्यांसाठी आणि बार्तीमी सदन अंध मुलींसाठी. बार्तीमी हा शुभवर्तमानातला वाटेवरचा आंधळा भिकारी. त्याच्या नावाच्या घरात भीक मागायची नव्हती. ब्रेल वाचायचे होते, वेत आणि दोर विणायचे होते, आणि शिकलेल्या अंध मुलीने पुढच्या अंध मुलीला शिकवायचे होते.

बाप्तिस्म्यांबद्दलही लिहायला हवे. केडगावला आल्यावर बोस्टनचा तटस्थतेचा करार मागे पडला आणि मुक्ती उघडपणे ख्रिस्ती घर झाले. भीमेच्या पात्रात मुलींचे बाप्तिस्मे झाले. त्यांतल्या अनेकींचा विश्वास पुढे आयुष्यभराच्या कामातून दिसला. तरीही जिला जीव वाचवणारे दुसरे कोणीच नव्हते, तिला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक कितीशी होती, असे आजचा वाचक विचारेल आणि त्याने ते विचारावे. वाँटेजला स्वतः रमाबाई भांडू शकल्या, कारण त्यांच्या पाठीशी विद्या होती. दुष्काळातल्या पोरीजवळ ती नव्हती. मुक्तीने तिला अक्षर शिकवले, म्हणजे उद्या भांडायची ताकदही दिली, एवढे मात्र संस्थेच्या बाजूने म्हणता येते.

कुठल्याही एका पंथाचा शिक्का मात्र रमाबाईंनी या मंडळीवर बसू दिला नाही. अँग्लिकन पद्धतीने बाप्तिस्मा घेतलेल्या या बाईच्या आवारात मेथडिस्ट मिनी एब्रम्स १८९८ पासून राबत होत्या, आणखी कोणकोणत्या मंडळ्यांची माणसे येऊन राहत होती. मोठे दगडी उपासनामंदिर बांधले गेले तेही सर्वांचे म्हणून.

त्याच मंडळीत जून १९०५ मध्ये संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृतीची लाट, आली. वेल्समधल्या संजीवनाची वार्ता इथवर पोचली होती आणि मुली पहाटे जमून प्रार्थना करत होत्या. मग रडणे, पापांची कबुली, मोठमोठ्याने एकाच वेळी प्रार्थना, असे आठवडेच्या आठवडे चालले. पाहायला आलेल्या मिशनऱ्यांपैकी काही भारावले, काहींनी नाके मुरडली. आवाज फार, शिस्त कमी, अशी तक्रार होती. एब्रम्सबाईंनी त्यावर लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिलीतल्या वालपाराइसोला, हूव्हर या मिशनरी दांपत्याच्या हाती पडली आणि तिथल्या पेंटेकोस्टल चळवळीच्या मुळाशी केडगाव जाऊन बसले. दौंड तालुक्यातल्या माळावर दुष्काळात आलेल्या मुलींचे रडणे इतक्या दूर ऐकू गेले, हे आपल्याकडच्या इतिहासकारांनी अजून पुरेसे मनावर घेतलेले नाही.

रमाबाईंच्या मनात याच सुमारास दुसरे काम होते. प्रचलित मराठी पवित्र शास्त्र अडाणी बाईला जड जाते, अशी त्यांची तक्रार. मुलीबाळींना ऐकूनच कळेल असे भाषांतर मूळ हिब्रू-ग्रीकवरून करायचे, म्हणून चाळिशी उलटल्यावर त्या दोन्ही भाषा शिकायला बसल्या. छापखाना मुक्तीतच होता. खिळे जुळवणाऱ्या, मुद्रिते तपासणाऱ्या, पाने बांधणाऱ्या बायका इथल्याच. देवनागरीचा जोडाक्षरांसह खिळ्यांचा पसारा केवढा, हे जुन्या छापखान्यात काम केलेल्यालाच कळेल. घरातल्या कुठल्या खणात काय आहे हे सुनेला कळावे, तसे त्या मुलींना कोणत्या खान्यात कोणते अक्षर हे अंधारातही कळत असणार.

१९१२-१३ च्या सुमारास मनोरमाबाईंनी गुलबर्ग्याला शांती सदनाची शाळा काढली. आईनंतर सगळा भार त्या उचलतील, असे सर्वांनी धरले होते. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेला त्यांचे निधन झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण पवित्र शास्त्र छापून बाहेर पडले ते १९२४ मध्ये.

संस्थापकाच्या रक्ताचा वारस उरला नाही, की अशा संस्था बहुधा भांडणात किंवा विस्मृतीत जातात. इथे हेस्टी नावाच्या बाईंनी कारभार सांभाळला, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका, इंग्लंड इथल्या मंडळ्यांनी मदत चालू ठेवली, आणि लहानपणी आलेल्या मुली मावश्या, शिक्षिका, परिचारिका होत गेल्या. कितीकजणी लग्न होऊन पाळकांच्या, शिक्षकांच्या घरी महाराष्ट्रभर गेल्या. शाळा आणि दवाखाना गावालाही उपयोगी पडू लागले, तसा आवाराच्या भिंतीबाहेरचा दुरावा हळूहळू कमी झाला. भारत सरकारने १९८९ मध्ये रमाबाईंचे टपाल तिकीट काढले. ज्या पुण्याने त्यांना वाळीत टाकल्यासारखे केले होते, तिथल्या सभांतूनही त्यांचे नाव पुन्हा घेतले जाऊ लागले.

आजचे दार वेगळ्या रीतीने उघडते. १९०० मध्ये रमाबाईंची माणसे छावणीत जात आणि मुलींना गाडीत घालून आणत. आता निराधार मुलीला कोणत्याही बालगृहात ठेवायचे, तर बालकल्याण समितीचा आदेश लागतो. मूल आधी त्याच्या स्वतःच्या कुटुंबात परत जावे, ते शक्य नसेल तर दत्तक वा पालनकुटुंब, आणि बालगृह सर्वांत शेवटी, असा २०१५ च्या बाल न्याय कायद्याचा क्रम आहे. अठरा पूर्ण झाली की बालगृहातला मुक्काम संपतो. गरज असेल तर एकविसाव्या वर्षापर्यंत मागाहूनची देखभाल. पूर्वी आलेली मुलगी इथलीच होऊन राहील, हे गृहीत असे. आज मावशीला तिचे केस विंचरताना, गृहपाठ घेताना, ती उद्या आजीकडे किंवा दत्तक घरी जाईल याचीही तयारी करावी लागते. तिचे जुने घर तिच्यासमोर नावे ठेवून पुसायचे नाही, आणि देवाचे बोलताना तिच्या घरचा देवही ऐकतो आहे असे समजून बोलायचे. वृद्ध आणि अंध भगिनींना हा कायदा लागू नाही. त्यांचा मुक्काम जन्माचा.